कारणाचा रकाना

डंडीच्या या शाळेत एकोणतीस वर्षं मी किल्ल्या सांभाळतो.
बॉयलर, बल्ब, तुंबलेल्या मोऱ्या, छपरावर गेलेले चेंडू
आणि सायकलींच्या शेडचं दार.

त्या दारावर कुणी काही लिहिलं
की सकाळी साडेसहाला, घंटेच्या खूप आधी,
मी हिरवा रंग फिरवून मोकळा होई.
कौन्सिलच्या फॉर्मवर, रंग : अर्धा लिटर.
कारणाच्या रकान्यात : झीज.
मला वाटे, यालाच माया म्हणतात.

मंगळवारी मिस लाम्ब आल्या ओल्या कोटानिशी.
माझा ब्रशाचा हात धरला.
"आज नको, मिस्टर पेट्री."
"पोरं येतील. वाचतील."
"वाचलंय त्यांनी. काल दुपारीच.
एफुआनं डबा तसाच घरी नेला."

मुख्याध्यापक म्हणाले, झाकली मूठ बरी,
गुरुवारी पाहुणे यायचेत.
शेवटी शब्दावर खाकी कागद डकवला
आणि सातवीच्या वर्गानं मला बोलावणं धाडलं.

त्या वर्गात आजवर मी फक्त शिडीवर उभा राहिलेला.
आज खुर्ची मिळाली. एवढीशी. गुडघे हनुवटीला.
वाटलं, विचारतील, कुणी लिहिलं?
ते कुणीच विचारलं नाही.
आग्न्येश्का नावाच्या पोरीनं हात वर केला :
"असं किती वेळा पुसलंत?"
बोटांवर मोजलं. बोटं संपली.
"अकरा."
"आणि कुणाला सांगितलंत?"

खिडकीबाहेर टे नदीवरचा पूल,
धुक्यात अर्धाच.

मागच्या बाकावरून कुणीतरी :
"तुमच्या शाळेत होतं का असं दार?"

दार नव्हतं. इक्रामुल होता.
त्याचे वडील तागाच्या गिरणीत रात्रपाळीला,
माझी आईही तिथंच,
एकाच धुळीनं खोकायची दोघं.
ताग कुठून येतो ते आम्हांला भूगोलात शिकवलेलं,
नकाशावर बोट ठेवून. इक्रामुल कुठून आला
ते कुणी शिकवलं नाही.
मधल्या सुट्टीत पोरं त्याला जे म्हणत
ते मी कधी म्हटलं नाही.
मी फक्त हसायचो.

हे बायकोलाही बोललो नव्हतो,
आणि अठ्ठावीस पोरांपुढं बोलून बसलो.
"आता कुठं असतो तो?"
"माहीत नाही."
"शोधलंत?"
खुर्ची फारच छोटी होती.

दुपारी कागद काढला.
मिस लाम्ब म्हणाल्या, रंग नको, सगळे मिळून घासू.
एफुआ म्हणाली, "मी नाही घासणार.
मी लिहिलं नव्हतं."
आणि कठड्यावर बसून सफरचंद खात राहिली,
मुकादम बसतो तशी.
मिस लाम्ब यांनी तोंड उघडलं, मिटलं,
आणि सँडपेपर उचलला.

हिरव्याखाली हिरवा निघाला, त्याखाली आणखी हिरवा,
सगळे माझेच हात.
मग निळा, मग सायीसारखा कुठला तरी जुना,
मग लाकूड.
मधल्या प्रत्येक थरात एखादी रेघ,
कुणाच्या तरी अक्षराचा पाय.
पोरं मोजत होती. माझ्यापेक्षा दोन जास्त भरले.

घंटा झाली, तरी स्ट्रुअन हलला नाही.
का, ते त्यानं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
त्याचा सँडपेपर झिजला तेव्हा नवा दिला.
काम संपल्यावर त्यानं कठड्याकडे पाहिलं.
कठड्यावर फक्त सफरचंदाचा गाभा.

संध्याकाळी फॉर्म भरला.
रंग : काही नाही. सँडपेपर : नऊ.
कारण रकान्यात मावेना
म्हणून कागद उलटून मागं लिहिलं.

आठवड्यानं कौन्सिलकडून परत आला :
"हे कारण यादीत नाही. कृपया यादीतलं निवडा."

मी तेच लिहिलं पुन्हा.
या वेळी मोठ्या अक्षरांत,
पेन दाबून,
खालच्या पानावरही उमटेल असं.